माझ्या पुस्तकाची फलश्रुती

जबलपूरच्या कारखान्यांकडच्या टोकाला, रांझीला, माझ्या मित्राच्या बायकोचा उजवा डोळा गेला, त्याला मी कारण आहे. आजवर हे मी चारचौघांत सांगितलं नाही. उलट जिथे विषय निघाला तिथे वेगळंच सांगत आलो. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे, खोटं बोललेलं लक्षात ठेवायची ताकद उरलेली नाही, तेव्हा खरं लिहून टाकणं सोयीचं. प्रकार गंभीर आहे, पण घडला तो पुष्कळसा हास्यास्पद रीतीने. सुतकी चेहरा करून सांगितला तर ते माझं आणखी एक ढोंग होईल.

आम्ही जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यातले. कोणे एके काळी आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत खर्डेघाशी करत जबलपूरला आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा मी शाळेत होतो. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. मराठी वाचणारेही बहुतेक नागपूरबरोबरच तिकडे गेले, हे मात्र मला पुस्तक लिहून झाल्यावर कळलं.

नोकरीभर मी कारखान्यात नकाशे काढले. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून नर्मदाकाठच्या अठरा गोष्टी लिहिल्या. निम्म्या ग्वारीघाटच्या नावाड्यांकडून ऐकलेल्या, निम्म्या मी रचलेल्या. त्यात देवळांच्या घंटा चोरणारा एक चोर होता, दोन संसार सांभाळणारा एक पुजारी होता आणि पूर आला की सगळ्यांच्या आधी टेकडीवर जाऊन उभं राहणारं एक गाढव होतं. गोष्टींना ‘प्रकरण एक, प्रकरण दोन’ म्हणायला जीभ रेटेना. कारखान्यात ‘प्रकरण’ म्हटलं की कोणाची तरी चौकशी निघायची. म्हणून मी ‘अध्याय’ असं लिहिलं. पुढच्या सगळ्या घोटाळ्याची पहिली वीट ही.

नागपूरच्या दोन प्रकाशकांनी कळवलं की लेखन आवडलं, पण सध्या शक्य नाही. तिसऱ्याने न आवडल्याचंही कळवलं नाही. शेवटी सून म्हणाली, “बाबा, ऑनलाइन डाल देते हैं। हल्ली सगळे स्वतःच छापतात.” सून भोपाळची. तिला मराठी कळतं, बोलता मोडकंतोडकं येतं, वाचता येत नाही. माझ्या पुस्तकाची प्रकाशक झालेली ही बाई माझं पुस्तक वाचू शकत नव्हती, आणि तरीही तिच्याइतकं त्या पुस्तकासाठी कोणी राबलं नाही. एका दुपारी तिने अठरा अध्याय ई-बुकच्या संकेतस्थळावर चढवले. मुखपृष्ठावर घाटाचा फोटो, शेवटच्या पानावर माझा. पुस्तक फुकट ठेवलं, म्हणजे लोकांना सबब उरू नये.

पहिल्या महिन्यात सहा जणांनी ते उतरवून घेतलं. मी, बायको, मुलगा, सून आणि दोन अनोळखी वाचक. त्यातला एक अनोळखी म्हणजे मीच निघालो, जुन्या फोनवरून.

मग मी वाचक शोधायला निघालो. आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत. मी सकाळी पुस्तकाचा दुवा टाकला की नवव्या सेकंदाला “सुंदर!” असं यायचं. दहाव्याला नमस्काराचे हात. अकराव्याला कोणीतरी फुलांची परडी आणि सुविचार टाकून माझा दुवा वर ढकलून द्यायचं. पोराटोरांना विचारलं तर म्हणायची, “काका, मराठी समझ में आती है, पढ़ने में टाइम लगता है। ऑडिओ आहे का?” नागपूर-पुण्याचे वाचकांचे म्हणून जे ग्रुप होते त्यांत शिरलो, तर तिथे सगळे माझ्यासारखेच. पुस्तक हातात घेऊन उभे असलेले निवृत्त लोक. मंडपात सगळे गवई आणि सतरंजी रिकामी. तिथे एक रीत होती, तुम्ही माझ्या पुस्तकाला पाच तारे द्या, मी तुमच्या देतो. मीही दिले. मधुमेहींसाठी लिहिलेल्या खंडकाव्याला मी पाच तारे दिलेले आहेत आणि ‘लेखकाची जीवनदृष्टी भावली’ असं खाली लिहिलेलं आहे. त्या कवीने माझ्या पुस्तकाखाली लिहिलं, ‘कादंबरीचा शेवट चटका लावतो.’ माझी कादंबरी नव्हती.

त्या संकेतस्थळावर लेखकाला एक आलेख दिसतो. आपल्या पुस्तकाची आज किती पानं वाचली गेली, तितक्या उंचीचा एक उभा पट्टा. माझा आलेख म्हणजे नुसती आडवी रेघ होती. आयसीयूत असली की नातेवाइकांना बोलावून घेतात, तशी.

श्रावण लागला. आमच्याकडे बायको दरवर्षी पोथी लावते. पाटावर पोथी, समोर समई, आणि कोणी हाक मारली तर बोट वर करून थांबा म्हणते. मी चिडून विचारलं, “हीच पोथी तू चाळीस वर्षं वाचतेस. माझं एकदा वाचशील तर काय बिघडेल?”

ती पान न उलटता म्हणाली, “अहो, हिच्या शेवटी लिहिलंय वाचून काय मिळतं ते. तुमच्या पुस्तकाच्या शेवटी तुमचा फोटो आहे.”

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. हे वाचल्याने रोग जातील, संतती होईल, शत्रू निमूट बसतील, अशी यादी. मला बायकोचा राग आला होता आणि त्या रागात मी दुपारी नऊ ओव्या रचल्या. त्यातल्या काही इथे देतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही.

अठरा अध्याय सात दिनीं । वाची जो एकाग्र मनीं ।
विवाह, नोकरी, बदली तिन्ही । साधती त्यासी ॥

पुढे गुडघेदुखी होती, सासू-सुनेचं वैर होतं, कठीण कामाला अकरा पाठ करावेत असं होतं. आठवी ओवी मी निव्वळ लेखकाच्या सूडबुद्धीने लिहिली. दोन पानं चाळून पुस्तक टाकून देणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आला होता.

मध्येंचि जो सोडी वाचन । त्याचें व्यर्थ मागील पठण ।
पुन्हा आरंभावें आपण । पहिल्यापासून ॥

आणि शेवटची, नववी:

मोबाइलवर वाचिलें जरी । पुण्य तितुकेंचि पदरीं ।
चार्जिंग तेवढें असावें परी । शेवटपर्यंत ॥

नऊच्या नऊ ओव्या मी पुस्तकाच्या दुव्यासकट मंडळाच्या ग्रुपवर टाकल्या. थट्टा म्हणून. इथवर माझी बाजू स्वच्छ आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा ग्रुपवर “सुंदर!” यायला चार मिनिटं लागली, म्हणजे लोकांनी वाचलं. संध्याकाळपर्यंत तीसेक जणांनी पुस्तक उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओव्या बालाघाटच्या एका नातेवाइकाने मलाच पाठवल्या, खाली लिहिलेलं, ‘अकरा जणांना पाठवा.’ ग्रुपवर एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, “हे गमतीत आहे की खरं? चार्जिंगचं वाचून शंका आली.”

आता इथे मी जे आजवर स्वतःला सांगत आलो ते असं, की फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कोणीतरी नववी ओवी गाळली, म्हणून लोकांना थट्टा कळली नाही. ते खोटं आहे. नववी ओवी मी गाळली. शिक्षिकाबाईंना मी नमस्काराचे दोन हात पाठवले, ज्याचा अर्थ काहीही होतो. मग उरलेल्या आठ ओव्या ‘शुद्ध पाठ’ असं वर लिहून पुन्हा ग्रुपवर टाकल्या. सुनेला सांगून पुस्तकाच्या शेवटी त्या आठ ओव्या घातल्या आणि माझा फोटो काढायला लावला. फलश्रुतीखाली चष्म्यातला निवृत्त माणूस बरा दिसत नाही.

सून म्हणाली, “बाबा, वो चार्जिंग वाली सबसे अच्छी थी।”

“छंदात बसत नव्हती,” मी म्हणालो. ती सगळ्यांत चांगली बसत होती.

दोन आठवड्यांत चारशेवर लोकांनी पुस्तक घेतलं. पहिले काही दिवस आलेख वेडावाकडा नाचला, मग स्थिर झाला. रोज पट्टे. चार दिवस उंच, तीन दिवस थोडे बुटके, पुन्हा चार उंच, तीन बुटके. मी सकाळी चहाच्या आधी ते पट्टे बघायचो. मला वाटायचं, कुठे बालाघाट, कुठे अमरावती, कुठे बिलासपूर, किती घरांत आपलं गाढव पोचलं! मंडळाच्या ग्रुपवर माझ्या नावाआधी कोणीतरी ‘साहित्यिक’ लावलं, तर ते काढायला मी सांगितलं नाही. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाने त्या पट्ट्यांकडे नीट बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं. अठरा अध्याय सात दिवसांत वाचायचे तर पहिले चार दिवस तीन-तीन आणि पुढचे तीन दिवस दोन-दोन, असंच पडतं. शेकडो माणसं इतक्या कवायतीने वाचत नाहीत. पण मी मोजलं नाही. मोजायची इच्छा नव्हती.

रांझीचा माझा मित्र कारखान्यात माझ्याच विभागात होता. वऱ्हाडातला. वहिनी अमरावतीकडच्या, लग्न होऊन क्वार्टरमध्ये आल्या आणि निवृत्तीनंतर तिथेच जवळ घर बांधून राहिल्या. त्यांचा मुलगा छत्तिशीला आला होता आणि लग्न जमत नव्हतं. एक दिवस मित्राचा फोन आला.

“काय बे लेखक, काय लिहून ठेवलं तू?”

“का? आवडलं?”

“मी कायले वाचतो? बायको वाचून राहिली ना. सकाळी आंघोळ करून बसते तर दुपारपर्यंत उठत नाही. अकरा पारायणं बोलली आहे पोराच्या लग्नासाठी. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं तिचं, उजव्या डोळ्याचं. डॉक्टर म्हणते पिकला आहे, थांबू नका. ही म्हणते, ऑपरेशननंतर वाचू देणार नाहीत, मध्ये खंड पडला तर मागचं सगळं वाया जाते. तारीख दोन महिने पुढे ढकलली. तू सांग ना तिला काही.”

मला आठवी ओवी माहीत होती. मीच लिहिली होती. “वहिनींना फोन दे, ती थट्टा आहे” एवढं वाक्य होतं. सोपं होतं. मी म्हणालो, “अरे, श्रद्धेचा मामला आहे. आपण मध्ये कशाला पडायचं?”

“अबे पण डोळा आहे ना!”

“दोन महिन्यांत मोतीबिंदू कुठे पळून जातो का?” मी म्हणालो.

तोही हसला. मी फोन ठेवला आणि आलेख उघडला. उंच पट्ट्यांचा दिवस होता.

अशा फोनच्या वेळी माणसाच्या मनात काय चालतं हे मी नंतर पुष्कळ तपासून पाहिलं. वहिनींना सांगितलं तर त्या मंडळातल्या चार बायकांना सांगतील, त्या ग्रुपवर लिहितील, आणि माझे वाचक एका दुपारीत उठून जातील, एवढंच होतं. दुसरं काही खोल-बिल नव्हतं.

दोन महिने पुरे झाले नाहीत. वहिनींचं नववं पारायण चालू होतं. सकाळी वाचता वाचता उजवा डोळा लालभडक झाला, कपाळ फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. मित्राने रुग्णालयातून फोन केला. मोतीबिंदू फुगून डोळ्यातला दाब वाढला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण आतली नस गेली होती. त्या डोळ्याने आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

मी भेटायला गेलो, संत्री घेऊन. वहिनींच्या डोळ्यावर पट्टी होती. मित्र बाहेर बाकावर बसला होता. त्याला वाटत होतं की चूक त्याची, त्याने बायकोला उचलून न्यायला हवं होतं. मी त्याला तसं वाटू दिलं. “नशीब,” असं काहीसं म्हणालो आणि ऑटोने घरी आलो.

घरी आल्यावर सवयीने आलेख उघडला. तीन दिवस सपाट होता. एक पानही नाही.

तेव्हा मला कळलं. बालाघाट नाही, अमरावती नाही, बिलासपूर नाही. चारशे माणसांनी पुस्तक उतरवून फोनमध्ये ठेवलं होतं, अंगारा पुडीत बांधून ठेवतात तसं. आणि वाचत होती एक बाई. माझा सगळा वाचकवर्ग सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात उजव्या कुशीवर न झोपण्याच्या सूचनेसह पडला होता.

नऊ दिवस रेघ सपाट राहिली. दहाव्या दिवशी सकाळी पट्टा उभा होता, उंच. वहिनी घरी आल्या होत्या आणि उरलेल्या एका डोळ्याने नववं पारायण पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं होतं, कारण मध्ये सोडलं तर मागचं व्यर्थ.

तो पट्टा बघून मला आनंद झाला. हे लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला आहे, म्हणून इथे आहे तसंच ठेवतो. लाज वाटली ती नंतर, चहा पिताना. आधी आनंद झाला.

अकरा पारायणं पुरी झाली. दहाव्याच्या मध्यावर मुलाचं लग्न जमलं, रायपूरची मुलगी, दोघं एकाच कंपनीत होती आणि त्यांचं आधीच ठरलेलं होतं, फक्त सांगायला धजत नव्हती. आईचा डोळा गेल्यावर मुलगा धावत आला आणि सांगून मोकळा झाला. पण वहिनींच्या हिशेबी ती फलश्रुती. लग्नात मला पहिल्या रांगेत बसवलं. काळा चष्मा लावलेल्या वहिनींनी हात धरून नव्या जोडप्याला माझ्यासमोर आणलं. “पाया पडा. यांच्या पुस्तकानं जमलं तुमचं.” मुलगा अवघडला, तरी वाकला. मी आशीर्वाद दिला. माझी बायको शेजारी बसली होती. तिला ओव्या कोणी रचल्या ते माहीत होतं. घरी दारात चपला काढताना म्हणाली, “आता एक देऊळ बांधा. मी नारळ विकायला बसते.”

त्यानंतरही मी चार वर्षं गप्प होतो. माणूस कशाचीही सवय करून घेतो. वहिनी भेटल्या की पुस्तकाची स्तुती करायच्या, मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

मग गेल्या पावसाळ्यात वहिनींचा स्वतःचा फोन आला.

“भाऊजी, एक विचारायचं होतं. आमच्या लाइनमधली, आपल्या मंडळातलीच एक बाई तुमचं पारायण करून राहिली. तिच्या थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. ती म्हणते, गोळी घेऊन वाचलं तर फळ गोळीचं की पोथीचं ते समजणार नाही. म्हणून तिनं गोळी बंद केली. चालते ना? मी म्हटलं, लिहिणाऱ्यालाच विचारते.”

मी म्हणालो, “वहिनी, तिला आत्ताच्या आत्ता गोळी घ्यायला सांगा. आणि मी येतो.”

“जेवायलाच या.”

“जेवायला नाही.”

रांझीला बसने गेलो. चाळीस वर्षं त्या रस्त्याने नोकरीला गेलो. मित्र ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होता. वहिनी तूरडाळ निवडत होत्या, ताट डाव्या बाजूला तिरपं धरून, कारण उजवीकडचं दिसत नाही. मी बसलो आणि सगळं सांगितलं. ओव्या मी रचल्या, थट्टेत रचल्या, थट्टेची ओवी मी काढून टाकली. त्या सगळ्यात काही देवाचं नव्हतं.

वहिनींचा हात डाळीत थांबला. “थांबा. यांनी तुम्हाला फोन केला होता. ऑपरेशन पुढे ढकललं तेव्हा. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग काहून नाही बोलले?”

माझं उत्तर तयार होतं, श्रद्धा वगैरे. ते बाजूला ठेवलं. मी खिशातून फोन काढला आणि आलेख उघडून त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर धरला. जुने महिने मागे सरकवत नेले. “हे तुम्ही वाचलेलं. हे पट्टे वाढावेत म्हणून.”

त्यांनी फोन हातात घेतला, अगदी जवळ धरला. बोटाने एकेक पट्टा चाचपत गेल्या. सपाट जागी बोट थांबलं.

“हे दवाखान्यातले दिवस?”

“हो.”

“आणि या आधीच्या, नंतरच्या साऱ्या रेषा माझ्या?”

“तुमच्याच. तेव्हा दुसरं कोणी वाचलंच नाही.”

मित्र उठून उभा राहिला होता. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मला मारतो की काय असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मारली असती तर बरं झालं असतं. “अबे, मी चार वर्षं झोपलो नाही नीट,” तो म्हणाला. “मला वाटे मी तिचा डोळा घालवला. अन् तू लग्नात पहिल्या रांगेत बसून बासुंदी खाल्ली बे!”

“दोन वाट्या,” वहिनी म्हणाल्या. “मीच वाढली होती.”

मग वहिनी बोलायला लागल्या, आणि मी अपेक्षा केली होती तसं काही बोलल्या नाहीत. रडल्या नाहीत, शाप दिला नाही. “अकरा वेळा वाचलं म्हणून सांगते. सातवा अध्याय भिकार आहे. तो पुजारी दोन घरं करते, दोन्ही बायका गप बसतात. कोणत्या बायका गप बसतात हो? प्रत्येक वेळी तिथं आली की मला राग ये. मी म्हणे, देवाचं असेल, आपल्याला कळत नाही. आता कळलं, तुम्हालाच कळत नव्हतं.”

“आणि गाढव?” मी विचारलं. विचारायला नको होतं. पण इतक्या वर्षांत मला खरंखुरं पुस्तक वाचलेलं पहिलं माणूस भेटलं होतं आणि मी शेवटी लेखक.

“गाढव बरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्यानं काही माझा डोळा येत नाही.”

मी माफी मागितली. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. “इथं ओसरीवर मागून राहिले तुम्ही. इथं आम्ही दोघंच. ते ओव्यांचं तुम्ही दोनशे माणसांत टाकलं होतं ना? मग हेही तिथंच टाका. साऱ्या मंडळासमोर. त्या थायरॉइडवालीचं नाव नका घालू, माझंही नाही. बाकी सारं घाला. डोळ्याचं घाला, फोनचं घाला, बासुंदीचं घाला. अन् टाकण्याआधी मला वाचून दाखवा. मी आता वाचत नाही बसणार तुमचं.”

त्या संध्याकाळी सुनेला सांगून पुस्तकातून आठही ओव्या काढल्या. मग हे लिहायला घेतलं. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा रांझीला जाऊन वाचून दाखवलं. वहिनी डाव्या कानाने ऐकतात, म्हणजे ऐकू दोन्हीने येतं, पण मान तशी वळवून बसतात. कारखान्यातला कोणताही साहेब माझे नकाशे इतके तपासत नव्हता. पहिल्या खेपेला मी बायकोने पोथीवरून टोमणा मारला तिथून सुरुवात केली होती. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे दोष तुमच्या बायकोचा? डोळ्यापासून सुरू करा.” तशी केली. मित्र मध्येच म्हणाला की विनोद कमी कर. त्यावर त्या म्हणाल्या, “राहू द्या. हा माणूस रडून लिहायला लागला तर कोणी वाचणार नाही. फक्त जिथं खरं आहे तिथं विनोद नको.” माझा आलेखाच्या पट्ट्यांवरचा एक छान विनोदी परिच्छेद त्यात गेला.

काल तिसऱ्या खेपेला शेवटपर्यंत वाचलं. ‘माझ्या हातून चूक झाली’ असं तीन ठिकाणी होतं. त्यांनी तिन्ही वेळा बोट वर केलं. “चूक झाली काय? दूध उतू गेल्यासारखं? तुम्ही केलं. केलं म्हणा.” ती तिन्ही वाक्यं मी त्यांच्यासमोर खोडली.

“आता ठीक आहे?” मी विचारलं.

“लांबलं आहे. पण चलो, ठीक आहे.”

“वहिनी, माफ केलंत का?”

मित्राने आतून पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं. चार महिन्यांत त्या घरात मला पहिल्यांदा पाणी मिळालं.

“आधी ग्रुपवर टाका,” वहिनी म्हणाल्या. “नवव्या सेकंदाला सुंदर लिहिणारे लिहितील, ते सोडा. त्या थायरॉइडवालीला मी सांगून थकली, ती म्हणते तुमचं फळलं ना, माझंही फळेल. ती वाचते का, ते मला सांगा. तिनं वाचून गोळी घेतली की या. मग पाहू.”